कढईतलं जुनं तेल

आबा, तुमच्या झाऱ्याचा डाग माझ्या मनगटावर अजून आहे. मी सत्तरी ओलांडली, कातडी सुरकुतली, तरी त्याची भोकं मोजता येतात. मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. गंगावेशीतल्या आपल्या भज्यांच्या गाड्यावरची कढई तुम्ही कधी रिकामी होऊ दिली नाहीत. काळ्या जुन्या तेलातच रोज नवं ओतायचं, नाहीतर लक्ष्मी जाते, म्हणायचात. उरलेली भजी तुम्हीच खायचात, वर बिडी. एका सकाळी मी ते तेल गटारात ओतलं. मी म्हणाले, लोखंड गंजतं तसं हे तापून तापून बिघडतं, खाणाराही आतून गंजतो. आई भाकरी भाजत होती. तुम्ही झारा तिच्या चुलीच्या जाळात धरलात आणि माझ्या मनगटावर टेकवलात. "बापाला अक्कल शिकवतीस व्हय गं? चार बुकं वाचलीस न्हवं, तीबी चुलीतच घालतो!" आणि घातलीत. मध्ये पडलेल्या आईला लाथ बसली.

पुढे रसायनशास्त्र शिकवताना मला नीट कळलं. जळक्या तेलानं, बिडीच्या धुरानं शरीरात ऑक्सिजनचे उतावळे कण वाढतात. शरीराला ते आवरले नाहीत, की रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर कुरतडतात. तिथं चरबी साचते, खवट होते, गुठळी धरते आणि एके दिवशी हृदयाकडचं नाहीतर मेंदूकडचं रक्त अडतं.

तुमचं अडलं ते त्याच वर्षी, दिवाळीच्या तोंडावर. सकाळी पीठ कालवताना कोसळलात, तोंड वाकडं, उजवा हात लुळा. आई म्हणाली, दवाखाना. तुमचे धाकटे भाऊ, तात्या, गरजले, "वारं गेलंय वैनी, डाक्टर काय करतोय? पारवं आणा. गरम रगात चोळलं की उठून बसंल!" चार पारवे आणले. तात्यांनी मुंडकी पिरगाळली. फडफडणारे पाय मी धरले, रक्त तुमच्या दंडाला मीच चोळलं. दुपार त्यात गेली. संध्याकाळी दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर ओरडले, "सकाळीच का नाही आणलंत?" तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

लोक म्हणाले, पोरगी तात्यांना भ्याली, म्हणून दवाखान्याचा हट्ट धरला नाही. तुमच्या तोंडावर बोलणारी मी तात्यांना भिणार? उशीर म्हणजे काय, हे त्या घरात मलाच कळत होतं. हा कागद कुठं जाणार नाही, म्हणून लिहिते. रक्त चोळताना मी तुमचा तो हात उचलून सोडून पाहिला. धपकन पडला. पुन्हा उचलला, पुन्हा सोडला. बरं वाटलं, आबा. तिसऱ्यांदा सोडला तेव्हा तुमचे डोळे उघडे होते.