मेसेज मिळाला

२ ऑक्टोबर, सकाळी ७.१०
फोनमधलं मोठ्या कंपनीचं सगळं पुसलं. त्याच्या जागी खुलं सॉफ्टवेअर बसवलं, ज्याचं पोट कुणालाही उघडून बघता येतं. अख्ख्या लब्बान मोहल्ल्यात मी पहिला, तेही कॉलेजचं तोंड न बघता. साधे मेसेज येतात. नव्या पद्धतीचे, ग्रुपचे वगैरे, तेवढे येत नाहीत. किरकोळ बाब. दोन दिवसांत सोय करतो.
जिन्यातल्या भिंतीला चीर. व्हर्नियर मोजपट्टीने मोजली : १.२ मिमी. अलेक्झांड्रियाची दमट हवा.

५ ऑक्टोबर
सोय नाही. नव्या मेसेजसाठी खुलं अ‍ॅप जगात एकही नाही! सिमवाले आणि मोठी कंपनी, किल्ली त्यांच्याकडेच. फोरमवर एकाने लिहिलं, वाट बघा. त्याने बघावी. मी स्वतः अ‍ॅप लिहिणार. मुदत वीस दिवस. प्रोग्रॅमिंगचं पुस्तक काढलं. पान १.

७ ऑक्टोबर
द्वारपाल रजबकाकांनी जिन्यात अडवलं. इमारतीच्या ग्रुपवरचा मेसेज मिळाला ना, उस्ताद वजदी? अर्धा मोहल्ला माझ्याकडून फोन दुरुस्त करून घेतो. नाही कसं म्हणू? म्हटलं, मिळाला. मग काय ठरलं? म्हटलं, मी हटणार नाही. (कंपनीपुढे, अर्थात.) काका बघतच राहिले. म्हणाले, छाती आहे बाबा तुमची.
चांगल्या कामाची बातमी पसरतेच.
चीर २.६.

९ ऑक्टोबर
गेटवर जाहीर पत्रक लावलं : शेजाऱ्यांनो, साधेच मेसेज पाठवा! तिथे आधीच एक सरकारी कागद होता. पहिल्याच ओळीत शुद्धलेखनाच्या दोन चुका. पुढे वाचला नाही. त्याच्यावरच चिकटवलं.

१२ ऑक्टोबर
पहिल्या मजल्यावरचा शिंपी फ्रिजसकट गावी गेला. फ्रिज कशाला नेतात लोक?
पुस्तक पान १४. समजलं नाही म्हणून परत पान ९.
चीर ५.१. हवा फारच दमट.

१४ ऑक्टोबर, सायंकाळी ५.३०
जिन्यात मादाम अफाफ, तिसऱ्या मजल्यावरच्या विधवा. गेली तीन वर्षं मी त्यांना एक गोष्ट विचारणार आहे. हातात पोपटाचा पिंजरा. त्यांनीच विचारलं, माझा मेसेज मिळाला? ग्रुपवरचा नव्हे, माझा. म्हटलं, मिळाला. योग्य वेळी उत्तर देईन. (माझ्या अ‍ॅपवरून. अकरा दिवसांत तयार.) म्हणाल्या, वेळ कुठाय, उस्ताद? आणि पोपट घेऊन टॅक्सीत बसल्या. टांटा शहरात भाऊ आहे त्यांचा. येतील चार दिवसांत.

१८ ऑक्टोबर
आठ बिऱ्हाडांत माझंच दार उघडं. रजबकाकाही गेले, खाटेसकट. जाताना म्हणाले, हट्टाला काही हद्द असते. अभ्यासाला उत्तम शांतता. फक्त दुपारी भिंतीत कुणीतरी बसून बिया फोडत असल्यासारखा आवाज येतो.
पाणी नाही. मोरीचं दार लागेना. ४ मिमी रंधलं.
चीर ११.

२० ऑक्टोबर
दार पुन्हा लागेना. परवाच मापात केलं होतं. माझं माप चुकत नाही.
चीर १९. व्हर्नियर आत पडलं.

२१ ऑक्टोबर, सकाळी ८.२०
केवळ तांत्रिक तुलनेसाठी, पाच मिनिटांपुरतं, कंपनीचं अ‍ॅप बसवलं. एकसष्ट मेसेज एकदम.
ग्रुप, ७ तारीख : इंजिनियरने इमारत धोक्याची ठरवली, २० पर्यंत सगळ्यांनी निघा. त्याखाली रजबकाका : उस्तादांना कळलंय, पण ते हटणार नाहीत म्हणतात. आजचा : दहाला पाडायला सुरुवात.
मादाम अफाफ, १३ तारीख : भावाकडे वरची खोली रिकामी आहे. तुम्ही विचाराल म्हणून तीन वर्षं थांबले, आता मीच विचारते. लग्न करून दोघं राहू. १५ तारीख : नुसतं हो किंवा नाही कळवा. १६, १७, १८ : काही नाही. १९ : बरं.

२१ ऑक्टोबर, दुपारी १२.४०, समोरचा फुटपाथ
रेडिओ आणि पुस्तक तेवढं बाहेर काढलं. व्हर्नियर भिंतीत होतं. भिंत आता नाही.
धूळ बसल्यावर मादाम अफाफना लिहिलं : हो. शुद्धलेखन दोनदा तपासलं. कंपनीच्याच अ‍ॅपवरून पाठवलं.
लगेच उत्तर आलं. मिळाला, योग्य वेळी उत्तर देईन.