कॅप्सूल तुपाबरोबर घ्यावी

रविवार, ४ ऑगस्ट
रकानचं लग्न तीस तारखेला. दबका नाचाच्या रांगेत सगळ्यात पुढे मी. माझ्या लग्नात बाबा होते. एका हातात माझा हात गुंफलेला, दुसऱ्यात जपमाळ गरगर फिरतेय, आणि पाय असे पडत होते की सारं सल्ट गाव बघत राहिलं. ती जपमाळ आता माझ्याकडे आहे. मुलाच्या लग्नात मी पुढे नसलो तर जन्माला येऊन केलं काय?
अडचण एकच. महिन्यापूर्वी डॉक्टर निदालनी कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केली आणि पोटऱ्या दुखायला लागल्या. गोळीचाच दोष. दुसरं कारण असूच शकत नाही.
संध्याकाळी गच्चीवर दबक्याचा सराव, दीड तास. महिनाभर एकही खाडा नाही.

सोमवार, ५ ऑगस्ट
औषधांच्या दुकानातली सिरीन म्हणाली, काका, दुखणं आधी डॉक्टरांना सांगा, गोळी मनानं बंद करू नका. डॉक्टर नाचू नका म्हणतील, म्हणून तो विषयच मी मिटवला. शेवटी तिनं पायदुखीसाठी तीस पूरक कॅप्सूल दिल्या. सगळ्यांनाच फरक पडतो असं नाही, असंही म्हणाली. विकणाऱ्यानं असं बोलू नये.
एक गोष्ट मात्र सोन्यासारखी बोलली. ही कॅप्सूल स्निग्ध जेवणाबरोबर घ्यायची, नाहीतर अंगी लागत नाही.
येताना कुनाफा आणला, तुपात भाजलेली, पाकात भिजलेली चीजची मिठाई. आमची ही, रकानची आई म्हणून उम्म रकान, म्हणाली, "अहो, तिनं चमचाभर तेल म्हटलं असेल, परातभर कुनाफा नाही." गोळी सुरू झाल्यापासून ही मला उकडलेल्या भाज्यांवर ठेवतेय. शास्त्र कळत नाही, त्याला ती काय करणार.

गुरुवार, ८ ऑगस्ट
कॅप्सूल आणि कुनाफा. तूप ठिबकत होतं. खात्री म्हणून दोन बशा.

शुक्रवार, ९ ऑगस्ट
मेहुण्याकडे, म्हणजे हाबिसकडे मन्साफ, दह्यात शिजवलेलं मटण आणि भात. यजमानानं हातानं मांस तोडून पुढ्यात ठेवलं की नाही म्हणता येत नाही. मी चरबीकडे बघत राहिलो, तो ठेवत राहिला. कॅप्सूल घरी राहिली. हरकत नाही, चरबी आत जाऊन बसलीय, कॅप्सूल उद्या जाईल.
मग हाबिस चारचौघांत म्हणाला, "अबू रकान, रांगेत पुढे मी राहतो. तुम्ही खुर्चीत बसून जपमाळ फिरवा." सगळे हसले. मी कॉफीचा पेला हलवला, म्हणजे आता पुरे, आणि उठलो. दहा वर्षांनी लहान आहे. गुडघे चांगले, बाकी आनंद.

मंगळवार, १३ ऑगस्ट
पाय जास्त दुखतात. तूप कमी पडतंय. शिवाय मॅग्नेशियम, ड जीवनसत्त्व आणि कलौंजीचं तेल आणलं. कशाबरोबर काय घ्यायचं ते लक्षात राहीना, म्हणून आज फक्त कुनाफा. सराव दोन तासांवर नेला.

सोमवार, १९ ऑगस्ट
शिंपी म्हणाला, कोटाचं बटण लागत नाही. म्हणजे उपचार अंगी लागतोय.

रविवार, २५ ऑगस्ट
उम्म रकाननं ओढत डॉक्टरांकडे नेलं. कोलेस्टेरॉल वाढलंय. डॉक्टरांनी विचारलं, हल्ली काही जोराचा व्यायाम? मी नाही म्हणालो. दबका हा व्यायाम नव्हे. पण हिला राहवेना: "डॉक्टर, रोज गच्चीवर धाडधाड चालू असतं. खालच्यांना वाटतं आम्ही टाकी फोडतोय."
ते म्हणाले, दुखणं बहुतेक त्यामुळेच, गोळीचं नंतर बघू. लग्नापर्यंत पूर्ण विश्रांती घ्या, मग नाचा.
परीक्षेआधी झोपा म्हणण्यातलाच हा प्रकार. एकदाच शेवटचा सराव करेन, चार दिवस.

शनिवार, ३१ ऑगस्ट
काल लग्न झालं. पुढे मीच होतो. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. तिसरीत दोन्ही पोटऱ्यांना गोळे आले.
दबक्याची रांग थांबत नाही. डावीकडून रकाननं उचललं, उजवीकडून हाबिस धावत येऊन खांद्याला लागला. माझे पाय जमिनीपासून वीतभर वर. दोन फेऱ्या मी हवेतच पाय आपटले. मागच्या पोरांना वाटलं ही जुनी चाल आहे. तीही एकमेकांना उचलायला लागली. सुनेचे वडील टाळ्या वाजवत होते.
मग खुर्ची. जपमाळ मी आपण होऊन हाबिसला दिली. कोणी मागितली नव्हती. त्यानं ती डोळ्यांना लावली आणि बाबांसारखी फिरवली. मला रडू आलं. चांगली फिरवली, हे वहीत लिहितोय, त्याला सांगणार नाही.

रविवार, १ सप्टेंबर
हाबिस सकाळी जपमाळ परत करून गेला. पुढच्या लग्नात तुम्हीच, म्हणाला. पुढचं लग्न कोणाचं, ते आम्ही दोघांनीही विचारलं नाही.
दुपारी उम्म रकाननं खण आवरताना कॅप्सूलची बाटली काढली आणि उकडलेल्या दुधीशेजारी ठेवली. तीसपैकी सव्वीस शिल्लक.
मी पुन्हा मोजल्या. सव्वीसच.
तूप मात्र एकही दिवस चुकवलं नव्हतं.