आयरिश बाईचं टेबल

सातारा, रविवार, १६ ऑक्टोबर १९९४

आज पुरवणीत एका आयरिश लेखिकेवरचा माझा लेख आला. आयर्लंडची ती बाई दिवसा वर्तमानपत्रात बातम्या लिहायची आणि पहाटे कादंबऱ्या. खिडकीपाशी तिचं स्वतःचं टेबल होतं. ते वाक्य मीच लेखातून खोडलं. का? जळते मी तिच्यावर, दुसरं काय! मी पिठाच्या डब्यावर वही ठेवून लिहिते. माझी एकच कादंबरी, तीही चार वर्षं अर्धी.

संध्याकाळी सासूबाईंना लेख वाचून दाखवला. त्यांनी विचारलं, "ती कुठं बसून लिहायची गं?"

"माझ्यासारखीच, डब्यावर." टेबलाचं नाव तोंडातून निघेना.

भाकरीचं पीठ मळता मळता त्या म्हणाल्या, "आणि तरी एवढ्या कादंबऱ्या? मग तुझी कुठं अडलीय?"