दादाची गाडी पेटली

९ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे आम्ही ठीक आहोत. आईचा गुडघा हल्ली कुरकुर करत नाही, आई मात्र करते. गच्चीवरच्या टाकीची गळती थांबली. तुझ्या पिल्लाला दात आले का?

दादाशी बोलायचंय म्हणून तू सारखी फोन करतेस आणि मी काहीबाही सांगून टाळते. कामावर गेलाय, झोपलाय. सगळं खोटं. तो घरीच असतो.

गेल्या मंगळवारी त्याची कचऱ्याची गाडी पेटली. भरवस्तीत, ताई! शाळेच्या फाटकासमोर. मी समोरच्या दुकानात होते. गाडीत मागे कचरा चेपला जात होता आणि एकदम फाडकन आवाज झाला. आधी पांढरा धूर, मग ज्वाळा. शाळा सुटायची वेळ. लोक ओरडत होते, "उतर, पळ!" मीही ओरडले. तो उतरलाच नाही. हॉर्नवर हात दाबून गाडी तशीच पलीकडच्या मैदानात नेली, जळता कचरा तिथे ओतला, मग खाली उतरला आणि कोसळला.

बंबवाला म्हणाला, "मोबाईलची बॅटरी. चेपली की अशी भडकते." माझा विश्वासच बसेना. तळहातावर मावणारी वस्तू! आग विझवल्यावर मैदानातून काळं पाणी वाहत नाल्याकडे निघालं, तर बंबवाला पोरांवर खेकसला, "लांब व्हा, त्यात विष आहे!"

पोरं सगळी सुखरूप आहेत. दादाही वाचला. पण धुरानं त्याचा घसा आतून भाजलाय. आवाज गेलाय, ताई. गल्लीच्या टोकावरून हाक मारून सगळ्यांना जागं करणारा आपला दादा! परत येईल का, डॉक्टरीणबाई नक्की सांगत नाहीत.

परवा शिंपीकाका आले आणि दारातच मटकन बसले. "मोबाईलची बॅटरी फुगली होती म्हणून चिंध्यांत गुंडाळून कचऱ्यात टाकली मी. वाटलं, ब्याद गेली." आई संतापानं दार लावायला निघाली. दादानं मात्र त्यांना हाताला धरून आत आणलं. रिमोटचे संपलेले सेल आपण तरी कुठे टाकत आलो?

काकांनी आता दुकानात डबा ठेवलाय. संपलेल्या बॅटऱ्या लोक टोकांना चिकटपट्टी लावून आणून देऊ लागलेत. फुगलेली असली तर ती वेगळी, वाळूच्या बादलीत. काका स्वतः त्या ई-कचरा केंद्रावर पोचवणार आहेत.

तू ये. आलीस की त्याला काही विचारू नकोस. उत्तर देता आलं नाही की तो भिंतीकडे तोंड करतो. नुसती शेजारी बस, तुझं तुझं बोलत राहा. तो हसला तर खांदे हलतील, आवाज येणार नाही. दचकू नकोस. मी दचकले, आणि ते त्यानं पाहिलं.

वाट पाहणारी,
तुझी धाकटी