बाळाविना बाज

आत्याबाई, घरात अजून ओव्याच्या धुरीचा वास आहे, आणि तुमच्याशी बोलावंसं वाटतं आहे. बाळंतीण कोणी नाही. कालपर्यंत बाजेवर धाकटा जावई होता. दोन लेकी झाल्या, आता पुरे, असं दोघांनी ठरवलं आणि ऑपरेशन त्यानं स्वतःचं करून घेतलं. पांढरकवड्याच्या दवाखान्यातून तो आपल्या पायांनी चालत आला. डॉक्टर म्हणाले, थोडं जपा, बस. पण मी लेकीला सांगितलं, जपायचं ते माझ्या घरी, आणि बाज टाकली.

हे मी तुमच्याकडून शिकले. धाकटीच्या वेळी मला इतकं रक्त गेलं की डोक्यावरचं आढं दिसेना. नर्सबाईंनी तुम्हाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, पुढच्या खेपेला ही वाचायची नाही. तरी धाकटी पावलं टाकायला लागली तशी मामंजींनी नातवाची गोष्ट काढली. तुम्ही भाकरी थापता आहात, मी चुलीत लाकूड सारते आहे, हे ओसरीवर मान खाली घालून बसले आहेत. मामंजी म्हणतात, एक पोरगा होऊ द्या, मग काय करायचं ते करा. तुम्ही भाकरी परातीतच सोडून देता.

"माही एक लेक बाजंवर गेली. तवा मी काई बोलली नाही. तुमाले नातू पायजे, मले सून पायजे."

तुमची थोरली तिसऱ्या बाळंतपणात गेल्याचं मी इतरांकडून ऐकलं होतं. तुमच्या तोंडून ते तेवढं एकदाच आलं. मग, ऑपरेशन तर पुरुषाचंही होतं, असं तुम्ही हळूच म्हणालात आणि मामंजी उठूनच गेले. जबरदस्तीच्या नसबंदीच्या काळात जीप दिसली की ते तुरीत लपून बसायचे. ती भीती त्यांनी लेकालाही दिली होती. "गडी तुरीत लपते, बाईनं कुठी लपाव?" असं तुम्ही चुलीकडे पाहूनच म्हणालात. दुसऱ्या दिवशी मला ऑपरेशनला न्यायला ह्यांनी बैलगाडी जुंपली. ह्यांचा होकार तो एवढाच.

वेचणीचे दिवस होते, वावर पांढरं झालं होतं. गावातल्या बाया ऑपरेशन करून आल्या की टाके ओले असतानाच कापूस वेचायला जायच्या. बाळ नाही तर बाज कशाची, असं सगळ्यांना वाटे, त्या बायांनाही. तुम्ही माझ्यासाठी बाज टाकलीत, डिंकाचे लाडू वळलेत, खाली निखाऱ्यांचं घमेलं ठेवलंत. नर्सबाई रागावल्या की टाक्यांना शेक नको. तुम्ही घमेलं पायथ्याशी सरकवलंत, पण काढलं नाहीत. धुरीच्या वासानं शेजारची काकू डोकावली.

"बाळ कुठी हाये वं?"

"हे काय, बाजंवर. जरा मोठं हाये."

ती हसत गेली आणि गावभर सांगून आली. तुम्ही मात्र मला उठू दिलं नाहीत. माझ्या वाटचा कापूस तुम्ही वेचलात.

पुढे मुलींच्या पुस्तकांवर बोट ठेवून मी वाचायला शिकले. आता वाचनालयातून पुस्तकं आणते. पाळणा लांबवण्याबद्दल, थांबवण्याबद्दल उघड बोलणाऱ्यांनी किती शिव्या खाल्ल्या, ते त्यांत वाचलं. फार मोठी माणसं होती ती. पण दवाखान्यातून घरी आलेल्या बाईला कोणी आडवं होऊ दिलं का, हे कुठं सापडलं नाही. तिथं आलं की मी पुस्तक मिटून तुमची आठवण काढते.

हे गेले तेव्हा अग्नी आमच्या थोरल्या लेकीनं दिला. पोरगा असता तर, असं कोणीतरी मागं बोललं. मी तेव्हा तुमचाच विचार करत होते. ह्यांच्या मागं रडायला मी राहिले, ते तुमच्यामुळे. अजून रोज सकाळी चहाला दोन कप काढते, मग एक परत ठेवते.

जावई बाजेवर लवकरच कंटाळला. "मामी, मले काई होऊन नाही राह्यलं. उठू द्या ना."

"तुमी तुरीत लपले नाही, त्याचा लाडू हाये हा. खा मुकाट्यानं."

त्याला तुरीचं काही कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं, आणि लाडू संपवून तो पुन्हा आडवा झाला.

आज सकाळी तो आपल्या घरी गेला. दुपारी लेकीचा फोन आला, आई, थकली असशील, बाज उचलून ठेवली का. हो म्हटलं. ठेवलेली नाही, आत्याबाई. घमेल्यात नवे निखारे घातले आहेत, आणि हे तुम्हाला न पोचणारं पत्र मी बाजेवर बसून लिहिते आहे, पाय शेकाकडे करून.