चुन्याखालची कलिना

पेत्रिकिव्का,
३ एप्रिल १९६२

चि. उल्यानास होर्पिनामावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आपल्या घरातली पहिली पदवीधर आता शाळेत बाई झाली, हे मी विहिरीवर इतक्यांदा सांगितलं की शेजारची वेक्ला म्हणाली, पदवी भाचीला मिळाली की तुला?

आता काळजीचं लिहिते. ईस्टर तोंडावर आलं. घरोघरी जुनी चित्रं झाकून नवी काढायला चुना कालवलाय, पण तुझ्या आईची भिंतीएवढी चूल तिसऱ्या वर्षीही धुरानं पिवळीच. तुझी धाकटी बहीण मोत्र्या गेल्यापासून तिनं चुना लावला नाही की मांजराच्या केसांची कुंचली हातात धरली नाही. आणि हिनंच काढलेल्या फांद्या बघून निम्मं गाव चितारायला शिकलं! परवा मी बादली घेऊन गेले, तर चुलीला पाठ लावून उभी राहिली. मी निघाल्यावर पुन्हा तिथंच बसली, चितारलेल्या कलिनेच्या झुडपाच्या लाल फळांवर बोट ठेवून. बायका आता तोंडावर बोलायला लागल्यात.

सोमवारी तिला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नेणार आहेत. आठवडाभर घर रिकामं. तू शिकलेली, काय करावं ते तूच सांग.

तुझी मावशी होर्पिना

खारकिव्ह,
७ एप्रिल १९६२

ती. मावशीस उल्यानाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मला वर्गात नीट शिकवता आलं नाही. मावशी, मोत्र्या त्याच खोलीत घटसर्पानं गेली. तेव्हा माझी परीक्षा होती, मला उशिरा कळवलं, आणि मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. चुन्यानं रोगजंतू मरतात हे मी मुलांना शिकवते आणि माझ्याच घरात तीन वर्षं चुना नाही! आईनं चुलीच्या त्या जुन्या भिंतीपुढे झिजत बसावं हे मला पटत नाही. दुःखालाही हवा-उजेड लागतो.

तेव्हा ती दवाखान्यात असतानाच चुना लाव. चांगले दोन हात दे. नव्या डोळ्यांनी पांढरी भिंत दिसली की तिचा हात आपोआप कुंचलीकडे जाईल. सोबत लाल रंगाची पुडी पाठवली आहे. रंग कालवताना अंड्याचा बलक घरचा घालायचा, असं तिला सांग.

मी चुकत नाही ना, एवढं मात्र कळव. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी उल्याना

पेत्रिकिव्का,
१७ एप्रिल १९६२

चि. उल्यानास आशीर्वाद.

तू म्हणालीस तसं केलं. दोन हात दिले. काल तुझी आई आली. एका डोळ्याला पट्टी आहे. चुलीपुढे उभी राहिली आणि फक्त किती हात दिले ते विचारलं. मी दोन म्हटलं. मग ओलं फडकं घेऊन एकाच जागी हळूहळू पुसत बसली. चुना निघाला, खालचा रंगही निघाला. कोणी सांगितलं, असं विचारलं. मी तुझं नाव घेतलं, तर म्हणाली, मग असू दे. बीटाचं बोर्श्ट केलं होतं, ते तसंच राहिलं.

पोरी, आपलं काहीतरी चुकलं. काय ते ती मला सांगत नाही. तू विचार.

होर्पिना

पेत्रिकिव्का,
२५ एप्रिल १९६२

चि. उल्यानास आईचे अनेक आशीर्वाद.

एका डोळ्यानं लिहिते आहे, ओळी तिरक्या गेल्या तर हसू नकोस. तुझं रडकं पत्र मिळालं. मावशीवर चिडू नकोस आणि स्वतःवरही नको. मी कोणाला सांगितलंच नव्हतं, तर तुम्हाला कळणार कसं?

त्या शेवटच्या वसंतात फांद्या आणि पानं मी काढली. फळं मोत्र्यानं. स्टुलावर चढून, बोट रंगात बुडवून एकेक टेकवलं. बोट केवढंसं, म्हणून फळंही बारीक. यंदा कलिना पिकलीच नाही बघ, असं मी तिला चिडवलं होतं. प्रत्येक फळात तिच्या बोटाच्या रेषा उमटल्या होत्या. सकाळचं ऊन खिडकीतून आलं की दिसायच्या. तिचा फोटो आपण कधी काढलाच नाही.

परीक्षा संपेपर्यंत तुला कळवू नका, हे मीच सांगितलं होतं. तेव्हा तोही भार तू वाहू नकोस.

काल कुंचली घेतली. हात विसरला नव्हता. एक फांदी आली, पानंही आली. मग तू पाठवलेल्या लाल रंगात बोट बुडवून टेकवलं. नुसता डाग उमटला. शेतात आणि चुन्यात माझ्या बोटाच्या रेषा कधीच झिजून गेल्या आहेत. तो डाग पुसला, आणि फांदी तशीच ठेवली आहे. ईस्टरला वेक्ला आणि मंडळी येतील, बिनफळांची कलिना बघून नाकं मुरडतील. मुरडू देत.

ईस्टरची तुला वेगळी सुट्टी नसते, पहिल्या मेची असते. त्या दिवशी ये. तुझं बोट लेखणी धरून वाढलं, त्यावर रेषा असतील. दोन बहिणींच्या रेषा सारख्या नसतात असं तू सांगशील, तू शिकलेली आहेस. तरी ये. रंग मी कालवून ठेवते. बोटाची शाई तेवढी धुऊन ये.

तुझी आई