बत्तीस वर्करांची ओळ

जळगाव,
शनिवार

प्रिय चेलना,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज केला की हात जोडलेलं चित्र पाठवून मोकळी होतेस. ठीक आहे, मग हा कागद वाच. ऑफिसातला प्रेमराज दर शनिवारी धुळ्याला घरी जातो, त्याच्या हाती देते आहे. गल्ली नंबर चारमध्ये तुझ्या दारात उभं राहायचं आणि तू वाचायला लागल्याशिवाय हलायचं नाही, अशी त्याला तंबी दिली आहे. कारण असं की काल अखिल सरांना पुण्याहून फोन आला. ज्या कंपनीत तुझं जवळजवळ ठरलंय, तिथून. चेलना तुमच्याकडे कशी होती, नोकरी का सोडली, एवढंच विचारत होते. सर सोमवारी कळवणार आहेत. चहा घेताना मला म्हणतात, "नूतन, पोरगी गुणाची, पण भर हंगामात तिने प्रोग्रॅम बुडवला हे लपवू कसं?" मी कप असा आपटला की बशीचा टवका उडाला. म्हणजे प्रोग्रॅममधल्या एका ओळीपायी तुझी ही नोकरीही जाणार. आणि तू तिकडे शांत! बाई गं, तुझ्या या शांतपणाचा मला इतका संताप येतो की काय सांगू.

तो डिसेंबरचा दिवस तुला आठवत नसेल असं समजून लिहिते, कारण तू तसंच वागतेस. दोंडाईचाला अमृतलालशेठच्या आवारात चारशे पोती मिरची. प्रत्येक पोत्याच्या नमुन्याचे फोटो, आणि लिलावाआधी रंग बघून प्रत ठरवायचं काम आपल्या प्रोग्रॅमचं. दोन वर्कर, म्हणजे प्रोग्रॅमचे दोन हात, एका वेळी फोटो तपासायचे, सावकाश पण नीट, तू लिहिलं होतंस तसं. पण त्या दिवशी आत दोनाच्या जागी दुसरीच ओळ होती: मशीनला जितके कोर, म्हणजे काम करणारे मेंदू, तितके वर्कर. ऑफिसच्या मशीनला आठ कोर, तिथे चाचणीत तो वाऱ्यासारखा पळाला होता. हंगामात मात्र तो भाड्याच्या सर्व्हरवर चढला. सर्व्हरला कोर बत्तीस, दहा जणांत वाटलेले, आपल्या वाट्याचे फक्त चार. प्रोग्रॅमने वाटा विचारलाच नाही, बत्तीस बघितले आणि बत्तीस वर्कर उभे केले! एकेकाला दोन जीबी मेमरी लागते आणि आपल्याला दिलेली सगळी मिळून आठ. सुरू झाला की मरायचा, मेला की पुन्हा सुरू व्हायचा. शेवटी हातानेच प्रत लावली, त्यावरून दोन व्यापारी एकमेकांच्या अंगावर धावून गेले, आणि अमृतलालशेठनी सरांना फोनवर जे ऐकवलं ते मी कागदावर लिहू शकत नाही.

कोणती ओळ कुणी, कधी लिहिली त्याचं रेकॉर्ड सरांनी सगळ्यांसमोर उघडलं. त्या ओळीपुढे तुझं नाव. त्यांनी ते मोठ्याने वाचलं. आणि तू काय म्हणालीस? "माझं लक्ष राहिलं नाही." बस. पुढच्या महिन्यात राजीनामा. अगं, कोर्टात उभा केलेला चोरसुद्धा दोन वाक्यं जास्त बोलतो!

तू गेल्यावर इथे काय तमाशा झाला ते तुला कुणी सांगितलं नसेल. आकडा किती ठेवायचा यावर मंडळींनी महिनाभर डोकं खाल्लं. प्रेमराज म्हणे आठ, का तर त्याच्या घरच्या मशीनवर आठ छान चालतात. सर म्हणे सोळा, निम्मे आपले निम्मे लोकांचे, जसं काही जमिनीची वाटणी चालली आहे. मग म्हणे आपण ठरवायचंच कशाला, वापरणाऱ्याला विचारू. झालं, वर्कर किती असं विचारणारा एक रिकामा चौकोन पडद्यावर आला. दुसऱ्या दिवशी दोंडाईचाहून अमृतलालशेठकडच्या जीवरामभाऊंचा फोन. पन्नाशीचा माणूस, जन्म तराजूवर गेला. "ताई, हाई आकडा मांगी ऱ्हायनं, मी कोनता टाकू? माले काय माहीत शे?" खरंच, त्यांना काय माहीत असणार? मी सरांना म्हटलं, डिफॉल्ट म्हणजे जो माणूस आकडा कधीच बदलणार नाही त्याच्यासाठी ठेवलेला आकडा. आपल्यासारख्यांना तो बदलता येतो, जीवरामभाऊंना नाही. म्हणून विचार त्यांचा करायचा. सरांनी मान हलवली. कळलं काही नव्हतं.

शेवटी मी त्यांना आमच्या पुनमच्या लग्नातले मांडे सांगितले. तू होतीस की पारोळ्याला! आमची भिकुबाई आत्या मांडे करायला बसलेली, चुलीवर मांडे भाजायची खापरं दोन, आणि मदतीला घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या बाया. दहा जणींनी हातावर मांडे फिरवून मोठे केले आणि टाकायला जागा कुठे? हातावरचा मांडा थांबतो का? फाटले, पुरण जमिनीवर, परातीतली कणीक संपली. सगळ्या कशाला आलात म्हणून आत्या ओरडली, "बठ्ठ्या कसाले उन्यात वं? खापरं दोनच शेतस!" तू हसून हसून भिंतीला टेकली होतीस. सरांना म्हटलं, घरात बाया किती ते मोजायचं नसतं, आपल्या चुलीवर खापरं किती ते बघायचं. शेजारणीची खापरं आपली नव्हेत. आणि परातीत कणीक किती तेही बघायचं. हे मात्र त्यांना पटकन कळलं.

आता प्रोग्रॅम आधी आपला वाटा विचारतो, मशीनचा नाही. मग मेमरी किती मिळाली आणि एका वर्करला किती लागते त्याचा हिशेब करतो, थोडी बाकीच्या कामाला राखतो, आणि दोन्हींत जो आकडा लहान निघेल तो धरतो. एकाच्या खाली जात नाही. अंथरूण पाहून पाय पसरावे, दुसरं काय! आपल्या सर्व्हरवर उत्तर आलं तीन. मी दोन, तीन, चार, सहा, सगळं घड्याळ लावून बघितलं. तीन वर्करांनी चारशे पोती अकरा मिनिटांत उरकली. चारला कधी चालायचा, कधी अडकायचा. बत्तीस जणांना जे दिवसभरात जमलं नव्हतं ते तिघांनी चहा होईपर्यंत केलं. जीवरामभाऊ आता नुसतं बटण दाबतात. सरांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं आणि मला तिथल्या तिथे ओरडावंसं वाटलं.

आणि वर तुझा तो मेसेज. संवत्सरीच्या दिवशी. वर्षभरात कळत नकळत मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्. मला! तू माझी क्षमा मागतेस? मी दिवसभर तो फोन पालथा घालून ठेवला. तुम्हा जैनांत त्या दिवशी सगळ्यांनाच पाठवतात, हे मला माहीत आहे. पण यादीतून एक नाव वगळता आलं नसतं? दोन शिव्या लिहिल्या असत्यास तर मी सुखाने जेवले असते.

कारण रेकॉर्डमध्ये सगळ्यांनी नाव वाचलं, तारीख कुणीही वाचली नाही. त्या तारखेला, म्हणजे डिसेंबरच्या तीन महिने आधी, पर्युषणात तुझा अठाईचा उपवास चालू होता. आठ दिवस नुसत्या पाण्यावर, घराबाहेर पडायचीस ती फक्त जैन स्थानकात जायला. मी टेम्पररी म्हणून मला लॉगिन नव्हतं, ऑफिसच्या त्या मशीनवर मी तुझ्याच नावाने बसायचे. ती ओळ मी लिहिली, चेलना. तुझे दोन वर्कर मला रडतखडत चालल्यासारखे वाटले, म्हणून. डिसेंबरात माझी नोकरी पक्की व्हायला आठ दिवस राहिले होते. हे तुला माहीत होतं, तू माझ्याकडे एकदा बघितलंस आणि गप्प बसलीस. मी तुझ्याहून जास्त गप्प बसले. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर टाळ्या घेतोय. आज दुपारी सरांच्या टेबलावर ती तारीख आणि तुझा रजेचा अर्ज शेजारी शेजारी ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यांनी दोन्हींवरच्या तारखा बोटाने ताडून बघितल्या. मग म्हणाले, पुण्याला मी खरं तेच सांगेन, तुझं काय करायचं ते नंतर बघू. बघोत. पण सरांना तू ओळखतेस, आयत्या वेळी ऑफिसचं नाव जाईल म्हणून शब्द फिरवतील. म्हणून हे फोनवर न सांगता कागदावर लिहिलं आहे, आणि सही पूर्ण नावाने करते आहे. पुण्याच्या लोकांपुढे हा कागद ठेव. माझी लाज राखायला जाऊ नकोस, तेवढं एकदा तरी माझं ऐक. आणि माफ केलं असं प्रेमराजजवळ लगेच सांगून पाठवशील तर बघ. आधी इथे ये आणि माझ्याशी कडाकडा भांड.

तुझीच,
नूतन हिलाल पाटील